‘सेगुरामेंते’ म्हणजे नक्की

३ जून, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठे काम हाती घेतलेल्या माणसाने नोंद ठेवावी, एवढेच कारण.

काम असे. आमची कंपनी बाटल्यांवर लेबल चिकटवायची मशिन्स बनवते. त्यातली दोन आता समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात जाणार. तिकडे सगळे स्पॅनिश बोलतात. मशिन्स बसवायला आणि तिथल्या लोकांना शिकवायला आमच्यापैकी एकजण दोन वर्षे तिकडे राहणार. साहेबांनी आज मीटिंगमध्ये जाहीर केले. बाहेर पडताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, तुमच्यासारखा माणूस तिकडे असायला हवा.

विषय संपला. सर्व्हिस डिपार्टमेंट मी चालवतो. माझ्याशिवाय दुसरा आहे कोण? बहुतेकराव?

बहुतेकराव म्हणजे माझ्या हाताखालचा इंजिनिअर. प्रत्येक वाक्यात ‘बहुतेक’ घालतो म्हणून अख्खे ऑफिस त्याला याच नावाने हाक मारते. मशीन का अडले? बहुतेक सेन्सर. कधी सुरू होईल? बहुतेक जेवणानंतर. ऐकून मळमळते. माणसाने हो म्हणावे नाहीतर नाही म्हणावे. मधे लोंबकळू नये.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून स्पॅनिश. दोन महिन्यांत फर्डे बोलायचे.

४ जून, मंगळवार

उठलो नाही. अलार्मचा आवाज फारच मवाळ आहे. उद्यापासून.

११ जून, मंगळवार

स्पॅनिशच्या क्लासला नाव घातले. पहिली पायरी मी मोबाइलवर घरीच उरकली आहे (जवळजवळ), त्यामुळे थेट दुसऱ्या वर्गात बसलो. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, जड जाईल. मी म्हणालो, जाणार नाही.

वर्ग भरतो ती खोली दिवसा ज्यूदोवाल्यांची. कोपऱ्यात गाद्यांची चळत. त्या गाद्यांमध्ये शहरातल्या सगळ्या मोज्यांचा वास मुरलेला आहे. पंखा लावला की तो वास उठतो आणि वर्गभर फिरतो. पंखा बंद केला की एका जागी बसून राहतो, माझ्या जागी. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर. घसा धरलेला. गोळी चघळत असतात, आणि ती एका गालातून दुसऱ्या गालात नेताना दातांवर आपटल्याचा आवाज येतो. टक्. मग चोखल्याचा. शी.

आजचा धडा : शक्यता कशी व्यक्त करावी. म्हणजे मी नेमका कशात जाऊन पडलो बघा. ‘कीसास’ म्हणजे कदाचित. ‘ताल वेस’ म्हणजे कदाचित. ‘आ लो मेहोर’ म्हणजेही कदाचित. ‘पुएदे के’ म्हणजे असू शकेल की. एका कदाचितला इतके शब्द. या लोकांना स्वतःचे नाव तरी खात्रीने सांगता येते की नाही, अशी शंका यावी. मॅडमना विचारले, ‘नक्की’ला काय म्हणतात, मला तेवढा एकच शब्द पुरे. त्या म्हणाल्या, ते पुढे आहे.

१३ जून, गुरुवार

आजचा प्रकार तर ओकारी आणणारा. ‘आ लो मेहोर’ म्हटले की पुढचे क्रियापद नेहमीचे. ‘पुएदे के’ म्हटले की क्रियापदाने रूप बदलायचे. ‘कीसास’ म्हटले की मर्जी, बदला किंवा बदलू नका. अर्थ शेवटी तोच, येईल बापडा नाहीतर नाही येणार. त्यासाठी क्रियापदाने एवढे कपडे बदलायचे?

पोस्टमास्तर म्हणाले, किती नाजूक आहे हो. म्हणताना गोळी ओठापर्यंत आली आणि परत आत गेली. मी पाहिले. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

घरी येऊन बायकोला सांगितले. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर काचा बदलून विचारायचे, आता बरं दिसतंय की मघाशी? घरीही तोच खाक्या. म्हणाली, पोस्टिंगचं साहेबांना स्पष्ट विचारलंत का? विचारायचे काय त्यात? पाठीवर थाप मारली म्हणजे ठरले. म्हणाली, थाप ते सगळ्यांनाच मारतात. हिला माणसांची पारख नाही. दिवसभर माणसांची फक्त बुबुळे बघितल्यावर दुसरे काय होणार.

२० जून, गुरुवार

आज मॅडमशी खटका उडाला.

धडा असा : स्पॅनिशमध्ये भविष्यकाळ वापरूनही अंदाज सांगतात. समजा एखादा माणूस आज दिसला नाही. तर ‘एस्तारा एनफेर्मो’. शब्दशः ‘तो आजारी होईल’, पण अर्थ, आत्ता आजारी असावा. मी म्हणालो, हा शुद्ध गचाळपणा आहे. उद्याचे रूप आजला लावायचे आणि वर त्याला व्याकरण म्हणायचे? मॅडम म्हणाल्या, आपणही तेच करतो की. ‘तो घरी असेल’, ‘पोचला असेल’. मी स्पष्ट सांगितले, लोक करत असतील, मी करत नाही. मी असे ‘असेल, नसेल’ कधीच बोलत नाही.

मॅडम हसल्या. पोस्टमास्तरही हसले. एवढे हसण्यासारखे काय होते कळले नाही. मॅडमची झोप झाली नसेल. नाहीतर घरी काही बिनसले असेल. पोस्टमास्तर तर काय, त्यांना ऐकूच आले नसेल.

२५ जून, मंगळवार

‘देबे’ म्हणजे केलेच पाहिजे. ‘देबे दे’ म्हणजे करत असावा. मधे एवढासा ‘दे’ घातला की माणूस कर्तव्यातून सुटला. आणि गंमत म्हणजे तिकडचे लोक बोलताना तो ‘दे’सुद्धा कधीकधी खाऊन टाकतात, असे मॅडम म्हणाल्या. म्हणजे हुकूम की अंदाज, ते ऐकणाऱ्याने ओळखायचे. अशा लोकांना दोन वर्षे वळण लावायचे आहे. काम सोपे नाही. पण माणूस योग्य निवडला आहे.

पहाटेचे उठणे अजून बसलेले नाही. झोप पुरी झाली तरच शब्द डोक्यात राहतात असे कुठेतरी वाचले. त्यामुळे उशिरा उठणे हाही अभ्यासच.

२ जुलै, मंगळवार

शेवटी ‘नक्की’ आला. ‘सेगुरो’. खात्री, भरवसा. इंग्रजीतल्या ‘शुअर’सारखाच, लगेच घरचा वाटला. मग मॅडमनी फळ्यावर ‘सेगुरामेंते’ लिहिले आणि वळून म्हणाल्या, आता इथे जरा लक्ष द्या. मी उठलो. ‘सेगुरो’ म्हणजे नक्की, तर ‘सेगुरामेंते’ म्हणजे नक्कीच. शेंबड्या पोराला कळेल. त्यावर अर्धा तास ज्यूदोचा वास घेत बसण्याची माझी तयारी नव्हती. शिवाय बॅगांचे दुकान लवकर बंद होते.

दोन मोठ्या बॅगा घेतल्या. चाके मस्त फिरतात. बायकोने बघितल्या आणि म्हणाली, बिल जपून ठेवा.

रात्री आरशासमोर म्हणून पाहिले. सेगुरामेंते. काय भारदस्त शब्द आहे. सगळ्या भाषेत हा एकच पुरुष.

८ जुलै, सोमवार

घरमालकीणबाईंना नोटीस दिली. ऑगस्टअखेर जागा सोडत आहोत. लेखी दिली, ‘निश्चितपणे’ असा शब्द घालून. त्या म्हणाल्या, घाई नाही हो, आधी तुमचं पक्कं होऊ दे. मी म्हणालो, पक्केच आहे. बाईंना बरे वाटले. त्यांच्याकडे एक दाताचे डॉक्टर नवराबायको जागा बघून गेले होते, त्यांना लगेच फोन लावला.

बायकोला जेवताना सांगितले. तिने घास खाली ठेवला. मला न विचारता? असे म्हणाली. मी म्हणालो, तूही दुकानात राजीनामा देऊन टाक, तिकडे काय कमी डोळे असतील? ती ताट तसेच ठेवून उठली. आनंद पचायला वेळ लागतो काहींना.

१४ जुलै, रविवार

मेहुणा आला होता, कपाट खोलायला, म्हणजे सुटे करायला. बायकोचा धाकटा भाऊ. लोकांकडे फर्निचर बसवून देतो. कान खाजवायला सुताराची पेन्सिल वापरतो आणि तीच परत कानावर ठेवतो. मग त्याच पेन्सिलीने चहा ढवळला. मी तोंड फिरवले.

त्याने विचारले, भावजी, ऑर्डर हातात आली का? मी म्हणालो, यायची राहिलीये फक्त. त्याने पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली आणि बहिणीकडे पाहिले. मग म्हणाला, कपाट आज नको खोलायला, एकदा खोललं की मळसूत्रं सैल पडतात. हा माणूस प्रत्येक फळी कापण्याआधी पुन:पुन्हा मोजतो. अशा लोकांच्या हातून मोठे काही होत नाही. मी त्याला कपाट खोलायलाच लावले. तुकडे त्याच्याच टेम्पोत घालून त्याच्याकडे पाठवले.

१ ऑगस्ट, गुरुवार

सोमवारी तिकडचे पाहुणे येत आहेत. मशीन चालताना बघणार, प्रश्न विचारणार, मग करार. साहेबांनी सांगितले, इंग्रजीतच बोला, त्यांना चांगले येते. मी मनात हसलो. त्यांच्याच भाषेत उत्तरे दिली की कसे चाट पडतील.

क्लासला गेल्या तीन आठवड्यांत जमले नाही. काही बिघडत नाही. प्रश्न ठरलेले असतात आणि उत्तर माझ्याकडे एकच आहे.

५ ऑगस्ट, सोमवार. दुपारी

दिग्विजय.

दोघे आले. एक इंजिनिअर बाई, पाठीवर वेणी, पायात जाड तळाचे बूट. दुसरे एक टक्कल पडलेले गृहस्थ, खरेदी बघणारे. मशीन सुरू केले. बाटल्या सरसर निघाल्या, एकही लेबल वाकडे नाही. इंजिनिअर बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारायला सुरुवात केली. मी हात वर केला आणि स्पॅनिशमध्ये म्हणालो, आपण आपल्या भाषेत विचारावे. साहेबांचे डोळे विस्फारले.

बाईंनी विचारले, आमचा कारखाना किनाऱ्यावर आहे, हवा दमट. तिथे मशीन असेच चालेल का? प्रश्न समजला. मी म्हणालो, सेगुरामेंते.

बाईंनी जरा मान तिरकी केली. लेबले सुटणार नाहीत ना? सेगुरामेंते नो, मी म्हणालो. बाईंनी टक्कलवाल्यांकडे पाहिले. त्यांनी काही लिहून घेतले. मग बाईंनी अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारले, मशीन अडले तर ते चालू होईपर्यंत तुम्ही स्वतः थांबाल का? मी छातीवर हात ठेवला आणि जरा मोठ्याने म्हणालो, सेगुरामेंते.

दोघेही गप्प झाले. भारावले असतील.

मग बहुतेकरावने मधे तोंड घातलेच. इंग्रजीत म्हणाला, दमट हवेत गोंद वाळायला बहुतेक वेळ लागेल, पावसाळी महिन्यांत काही लेबले बहुतेक सरकतील, रोलरजवळ एक छोटा हीटर बसवला तर बहुतेक भागेल, पण तिथे बसवून बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही. मला घाम फुटला. पाहुण्यांसमोर आपल्याच मशीनची लाज काढली. इंजिनिअर बाई त्याच्याशी मशीनखाली वाकून बराच वेळ बोलत होत्या. दोघांच्या हाताला गोंद लागला. ओंगळ दृश्य.

त्याची कीव येते. साहेब त्याला आज झापणार.

७ ऑगस्ट, बुधवार

साहेबांनी बोलावले. खुर्चीवर बसा म्हणाले, म्हणून बसलो.

पाहुण्यांना मशीन पसंत आहे. करार होणार. तिकडे बहुतेकराव जाणार.

मी म्हणालो, काहीतरी गैरसमज आहे. साहेब बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, “त्यांना वाटलं, तुम्हालाच खात्री नाही.”

पुढचे नीटसे ऐकू आले नाही. म्हणे इंजिनिअर बाईंनी सांगितले, साध्या साध्या प्रश्नांनासुद्धा हे गृहस्थ ‘बहुतेक, बहुतेक’ म्हणत होते. मशीन चालेल का, बहुतेक. तुम्ही थांबाल का, तर तेही बहुतेक, आणि तेही छातीवर हात ठेवून. दुसऱ्याने निदान काय माहीत आहे आणि काय नाही ते तरी सांगितले. मी म्हणालो, बहुतेक हा शब्द मी जन्मात उच्चारलेला नाही. साहेब म्हणाले, मला स्पॅनिश येत नाही. मग उठून दारापर्यंत सोडायला आले आणि पाठीवर थाप मारली.

८ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसातून थेट क्लासला गेलो. मॅडमना वर्गाबाहेर गाठले. म्हणालो, तुमची भाषा सदोष आहे, माझे नुकसान झाले. त्यांना आधी काही कळेना. मग सगळे सांगितले. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणाल्या, “सेगुरो म्हणजे नक्की. पण सेगुरामेंते बोलण्यात येतो तो बहुतेक म्हणूनच. त्या दिवशी तेच सांगत होते. तुम्ही उठून गेलात.”

मी म्हणालो, नक्कीच्या पोटी बहुतेक कसा जन्माला येतो? त्या म्हणाल्या, लोक ‘नक्की, नक्की’ म्हणत राहतात, करत नाहीत. मग हळूहळू शब्द पातळ होतो. आत वर्गात पोस्टमास्तर वाचून दाखवत होते, अडखळत, पण बरोबर.

घरी सांगितले नाही. बायको थकलेली असेल.

१० ऑगस्ट, शनिवार

घरमालकीणबाईंकडे गेलो. सहज म्हणून. म्हणालो, समजा, आम्ही आणखी थोडे राहिलो तर? त्या गोंधळल्या. म्हणाल्या, अहो, डॉक्टर मंडळींनी डिपॉझिट भरलं. तुमचा कागद दाखवला मी त्यांना. वाईट वाटले त्यांना खरेच. चहा घ्या म्हणाल्या. नको म्हणालो.

परत आलो तर दार उघडे. दाताचे डॉक्टर नवराबायको पडद्यांची मापे घेत होते. माझ्या बायकोने टेपचे एक टोक धरले होते. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, परदेशी चाललात म्हणे, कधी? बायकोने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, लवकरच. सगळ्या खिडक्यांची मापे होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या बाईंच्या नवऱ्याने नळ सोडून बघितला, कपाटाची मोकळी जागा ठोकून बघितली. 

ते गेल्यावर सांगितले. साहेब, पाहुणे, बहुतेकराव, तो शब्द. सगळे. बायको टेप गुंडाळत होती. तिने ती पुरती गुंडाळली. मला वाटले आरडाओरडा करेल. ती म्हणाली, “एकदा विचारलं असतंत तर काय झालं असतं हो?”

मी बॅगांचे बिल शोधू लागलो. 

मग ती आतल्या खोलीत गेली. भावाशी फोनवर बोलत होती. दार लोटलेले होते. मी ऐकले नाही. ऐकू आले तेवढेच. राजीनामा तिने दिलाच नव्हता.

१९ ऑगस्ट, सोमवार

बहुतेकरावचा ऑफिसात निरोप. केक होता. त्याचे क्रीम त्याच्या मिशीला लागलेले कोणी सांगेना, मीही नाही. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, सर, मला भाषा येत नाही, तुम्ही थोडी शिकवाल का? टोमणा नव्हता. टोमणा असता तर तोडीस तोड दिले असते. मी म्हणालो, वेळ नाही. मग जिन्यापर्यंत जाऊन परत आलो आणि त्याला सांगितले, सेगुरामेंते म्हणू नकोस. का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, मोठी गोष्ट आहे.

त्याने लिहून घेतले. घाणेरडे अक्षर आहे त्याचे.

३० ऑगस्ट, शुक्रवार

जागा बघायला तीन संध्याकाळी हिंडलो. एकीत न्हाणीघराच्या फरशीवर कोणाचे तरी केस. दुसरीत आधीच्या भाडेकरूंच्या तळणाचा वास भिंतीत. तिसरी चांगली होती, कालच गेली. एजंट म्हणाला, थोडं आधी आला असतात तर. दुनियेतले सगळे लोक मला हेच वाक्य सांगायला बसले आहेत.

संकल्प : पुढच्या महिन्यात जागा. पहाटे उठून शोधायची.

१ सप्टेंबर, रविवार

काल मेहुण्याच्या टेम्पोतून सामान त्याच्याकडे आणले. तीन खोल्यांचे घर. आम्हाला त्याने मागची दिली, जिथे तो हत्यारे ठेवत असे. हत्यारे रातोरात बाहेर काढली, पण लाकडाचा भुसा उशीपर्यंत आहे. मला सकाळपासून शिंका. मेहुणा जेवताना बोटे एकेक करून चाटतो, अंगठा शेवटी. मी पानाकडे बघत जेवलो.

त्याची बायको वाढताना फार जपून बोलत होती. शेवटी मेहुण्यानेच विचारले (विचारण्यात खोच नव्हती), बघा भावजी, सोय करायला बरं म्हणून विचारतो, किती दिवस धरायचं?

 सगळे माझ्याकडे बघत होते. मी ताठ बसलो आणि म्हणालो, “मिळेल जागा महिन्याभरात.”

अगदी ठामपणे म्हणालो होतो. आवाजही चांगला लागला होता. मेहुण्याने मान हलवली. हात धुऊन आला, कानावरची पेन्सिल काढली, मागच्या खोलीत गेला. माझे शर्ट खुर्चीवर पडले होते, ते बाजूला केले. भिंतीवर उंची मोजली, पुन्हा मोजली, खूण केली आणि शर्टांसाठी एक खुंटी ठोकली. ओढून बघितली. मग मला म्हणाला, ताईच्या कपड्यांसाठी दुसरी जरा खाली ठोकतो.